पुतण्या अकरावीत आहे आणि चौकातल्या फ्लेक्सवर "युवा नेतृत्व" म्हणून लागलाय, काय करावं?

माझा पुतण्या १६ वर्षांचा, सातारा जिल्ह्यात गावी असतो. पावसाळ्यात शाळेकडच्या रस्त्यावरचे दिवे बंद होते, पोरी क्लासवरून मोबाईलची बॅटरी लावून यायच्या. ह्याने वहीत एकेका खांबाचा नंबर लिहून घेतला, २३ पैकी ९ बंद, आणि अर्ज घेऊन ग्रामसेवकाकडे तीन चकरा मारल्या. दिवे लागले. माझा तर ऊर भरून आला. पण आता एका पक्षाच्या तालुक्यातल्या पोरांनी त्याला उचललंय, दहावीच्या फॉर्मवरचा फोटो फ्लेक्सवर, रात्री अकराला कुणाच्या तरी गाडीवर बसून सभेला. दादा-वहिनी खूष आहेत. मला वाटतं गावाचं काम खुशाल करू दे, पक्ष १८ नंतर. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ: ताई, स्पष्ट बोलतो. चांगल्या घरची पोरं लांब ठेवायची आणि मग तीच तीच घराणी निवडून येतात म्हणून ओरडायचं, हे किती वर्षं चालणार? पुढाऱ्याच्या पोराला कोणी वय विचारत नाही, तो शाळेपासून बापाच्या गाडीत बसून लग्नं-मयती करत सगळं शिकतो. साध्या घरच्या पोराला पक्ष हाच दरवाजा आहे. नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२ ला तिरंगा घेऊन गोळीसमोर उभा राहिला तेव्हा शाळकरी पोरच होता ना.

मुक्ता: शिरीषकुमार देशासाठी उभा राहिला हो, इथे पोरगं दुसऱ्याच्या तिकिटासाठी उभं केलंय! माझ्या मावसभावावर १९ व्या वर्षी रास्ता रोकोत गुन्हा दाखल झाला, नेते संध्याकाळी घरी जेवायला आणि हा पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला अडकला, मावशी वर्षभर कोर्टाच्या तारखा करत होती. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पक्षांना बजावलंय, प्रचारात लहान मुलं वापरायची नाहीत. १६ म्हणजे माझ्या मते लहानच.

माजी उपसरपंच: मी पाच वर्षं पंचायतीत होतो. ग्रामसभेचा कोरम म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी ते. तेवढेही जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग दहा जण बसून सगळं मंजूर. अशा ठिकाणी पोरगं खांब मोजतंय हे सोनं आहे. मतदानाला १८, पंचायतीला उभं राहायला २१, हातात पाच वर्षं आहेत. गावाचा विकास आराखडा वाचायला शिकवा त्याला. आराखड्याआधी बालसभा घ्यायची असते, आमच्याकडे ती कागदावरच व्हायची, ती मागू दे त्याला.

कृष्णाकाठ: काका, नुसत्या अर्जाला विचारतो कोण? वजन पक्षामुळेच येतं. दिवे वहीमुळे लागले का तालुक्यातून फोन गेला म्हणून, ताईंनी एकदा विचारून बघावं.

मूळ लेखिका: विचारलं. फोन कुणाचाच गेला नव्हता, ती पोरं दिवे लागल्यानंतर आली. आणि फ्लेक्सवर "आमच्या पाठपुराव्याला यश" लिहिलंय ते त्यालाही खटकलंय, फक्त बोलला नव्हता. आता नळाच्या पाण्याचा अर्ज लिहितोय, पुढच्या ग्रामसभेत वहिनी वाचणार, मतदार तीच आहे ना, आजवर एकदाही गेली नव्हती. काल ओट्यापाशी उभी राहून मोठ्याने वाचत होती. दादा मात्र अजून माझ्याशी धड बोलत नाहीये आणि फ्लेक्सही अजून तिथेच आहे.