मदत हवी आहे: संभाजीनगरात भाड्याचा फ्लॅट, मालक खरा कसा ओळखावा?

पुतणीला नोकरी लागली म्हणून परभणीहून सिडको भागात वन बीएचके शोधतोय. ऑनलाइन एक सापडला, भाडं आजूबाजूच्या निम्मं. मालक म्हणे फौजेत, पोस्टिंग आसामला. फ्लॅट दाखवायच्या आधीच 'गेट पास'चे ५,००० मागतो, वर क्यूआर पाठवून म्हणतो, "स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच परत येतील." पैसे घ्यायला पिन कशाला लागतो राव! तो नाद सोडला.

आता दुसरा एक जण आधार-पॅनचे फोटो मागतोय. करारनाम्याला ओळखपत्र लागतंच, मान्य. पण घर बघायच्या आधी? शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार दिलं तर चालतं का? आणि मालकी तपासायला लाईट बिल पुरे, की इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा सरकारी उतारा) काढावा? कुणी काढला असेल तर कसा ते सांगा.