सात गाड्या आहेत, कंपनी म्हणते प्रदूषण कमी करा. सुरुवात कुठून करू?

अंबडचा_गाडीवाला
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमध्ये छोटा ट्रान्सपोर्ट आहे. सात गाड्या, त्यातल्या तीन जुन्या प्रदूषण नियमाच्या बीएस४ (एक सहाटायरी, दोन चौदा फुटी आयशर), बाकी नव्या नियमाच्या बीएस६. काम अंबड ते चाकण, भिवंडी, अधूनमधून न्हावा शेवा, शिवाय अंबड-सातपूर-सिन्नरमधून लोकल माल गोळा करून गोडाऊनला आणायचा. ज्या कंपनीचं सगळ्यात जास्त काम आहे तिचं पत्र आलंय, वर्षाला डिझेल किती जाळता, सीओटू किती होतो, कमी करायला काय करताय ते लिहून द्या, पुढचं कॉन्ट्रॅक्ट त्यावर बघू. बजेट सगळं मिळून १२ लाख, नवीन मोठा हप्ता नको. सीएनजी घेऊ की आहे त्याच गाड्यांत काही होतं? १२ लाख, परत सांगतो.

ट्रेलरशेठ_चाकण
डोळे झाकून एलएनजी (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक गॅस) घ्या. आमचे दोन ट्रेलर एलएनजीवर आहेत, एकदा टाकी भरली की हजार किमीला बघायला नको, आवाज कमी, बीएस६ डिझेलला धूर साफ करायला युरिया टाकावा लागतो ती कटकट नाही. डिझेलला परत हात लावणार नाही.

कसारा_उतार
शेठ त्यांनी १२ लाख सांगितलेत, ट्रेलर नाही मागितला. आणि एलएनजीचे पंप आहेत किती? चौदा फुटीवाला एलएनजी घेऊन काय करणार.

ट्रेलरशेठ_चाकण
कर्ज काढायचं मग. धंदा असाच वाढतो.

गॅसवाला_७०९
सीएनजी बेस्ट. माझी सीएनजी मस्त चालते, भिवंडी लाईनला डिझेलपेक्षा स्वस्त पडते. फक्त लोड थोडा कमी बसतो सिलेंडरच्या वजनामुळे, आणि दर तीन वर्षांनी सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) विसरू नका.

भिवंडी_गोडाऊन
नोव्हेंबर २०२५ आठवतोय ना? मुंबईत मेन पाइपलाइन डॅमेज झाली आणि सीएनजी पंपावर रात्रभर लाईनी. गाडी लाईनीत उभी, पार्टीचा दर अर्ध्या तासाला फोन, भाडं गेलं. सीएनजीचं नाव काढू नका.

गॅसवाला_७०९
वर्षातून एकदा झालं ते. डिझेलवाल्या गाड्या काय बंद पडत नाहीत का?

विजेरी_विश्वास
इलेक्ट्रिक ट्रक घ्या की!! केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ९.६ लाखापर्यंत सबसिडी आहे. न्हावा शेवाच्या जेएनपीएने पण बंदरात इलेक्ट्रिक ट्रक आणलेत.

सिन्नर_फाटा
विश्वासराव, ते ९.६ लाख मोठ्या ट्रॅक्टर-ट्रेलरला आहेत, जुनी गाडी भंगारात काढल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि तसला ट्रक कोटीच्या घरात जातो. ह्यांच्या कामाचं नाही.

अंबडवाले, आधी एक रुपया खर्च करू नका. कंपनीला नवीन गाडी नकोय, आकडा पाहिजे. शेअर बाजारातल्या मोठ्या लिस्टेड कंपन्यांना सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण आणि समाजासाठी काय करतात त्याचा) द्यावा लागतो, त्यांच्या मालाची वाहतूक त्यात धरायची म्हणून हे पत्र तुमच्यापर्यंत आलं. एक लिटर डिझेलचा सीओटू साधारण २.६८ किलो. म्हणजे ५ चं ॲव्हरेज देणारी गाडी १०० किमीला २० लिटर, साधारण ५४ किलो. मग प्रत्येक गाडीची वही करा, तारीख, किमी, लिटर, भरलेली का रिकामी. डिझेल एकाच पंपावर टाकी फुल करून भरायचं, नाहीतर ॲव्हरेज म्हणजे ड्रायव्हरने सांगितलेली गोष्ट.

वही महिनाभर लिहिली की रिकामी फेरी किती ते दिसतं. चाकणहून रिकामी येणारी गाडी पावणेदोनशे किमी हवा वाहून आणते, रिटर्न लोड दोन हजार कमी भाड्यात मिळाला तरी घ्या. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना बघा, घाट उतरून आल्यावर नाही. ताडपत्री सैल ठेवू नका, फडफडली की ॲव्हरेज खाते. आणि कंपनीच्या गेटवर ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून झोपतो ना, ते बंद करा.

कसारा_उतार
इंजिन चालूच राहणार. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीय, आता गेटवर चार चार तास एसी लावून बसतात.

एक_ड्रायव्हर
एप्रिलमध्ये पत्र्याच्या केबिनमध्ये तुम्ही बसा मग लिहा. गेटवर चार तास कोण थांबवतं, कंपनीच ना? ते पण त्या पत्रात लिहा.

सिन्नर_फाटा
ड्रायव्हरभाऊ बरोबर बोलला. टाइम स्लॉट मागा, स्लॉट मिळाला तर तेवढंच डिझेल वाचतं आणि कंपनीचापण आकडा खाली येतो.

स्वस्तात_मस्त
बीएस६ गाड्यांना युरिया बायपास करून घ्या, खर्चच वाचतो.

सिन्नर_फाटा
हा सल्ला इथे देऊ नका. एकतर बेकायदा, दुसरं म्हणजे धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोकळे सुटतात आणि हे भाऊ प्रदूषण कमी करायला निघालेत.

भिवंडी_गोडाऊन
स्वस्तातलं 'बायोडिझेल' पण नको रे बाबा. आमच्या शेजारच्याने कुठूनतरी ड्रम आणले, इंजेक्टर गेले, गाडी दोन आठवडे गॅरेजला.

इगतपुरी_टोल
भिवंडीला कसारा घाटातून जाता का? जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झालाय, त्यात पावणेआठ किमीचा बोगदा आहे, घाटातलं ब्रेक-गिअर वाचतं.

कसारा_उतार
टोल कोण भरणार? घाटातूनच बरं.

इगतपुरी_टोल
टोल आणि डिझेल एकाच कागदावर लिहा मग बोला. भरलेल्या सहाटायरीने एकदा जाऊन बघा.

कांदा_लाईन
बीएस४ वरून आठवलं, कोणी दिल्लीला माल नेत असाल तर बाहेरच्या पासिंगच्या बीएस४ मालगाड्यांना ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच एन्ट्री आहे. आझादपूरला कांदा नेणाऱ्यांनी आत्ताच गाडी बघा. बाकी चालू द्या.

गॅसवाला_७०९
परत सांगतो, सीएनजी. सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटीपण २८ चा १८ झालाय. जुनं आयशर विकून पैसे घाला.

अंबडचा_गाडीवाला
सगळ्यांचे आभार. वही सुरू केलीय, पोरगी मोबाईलवर शीट भरते. एका गाडीला रिकामी फेरी इतकी निघाली की घरात सांगायची सोय नाही. स्लॉटसाठी कंपनीला मेल टाकला, उत्तर नाही अजून.

पैशांचं म्हणाल तर सीएनजी नाही, एलएनजी नाही. टाटा एसची एक टनवाली इलेक्ट्रिक बुक केली. अंबड-सातपूर-सिन्नर लोकल फेऱ्या दिवसाला ऐंशी-नव्वद किमीच्या पुढे जात नाहीत, रात्री गोडाऊनलाच चार्ज होईल. जुनं एक आयशर विकतोय, तेच आत्तापर्यंत हे लोकल काम ओढत होतं. उरलेल्या पैशात सहाटायरीचे टायर.

ट्रेलरशेठ_चाकण
छोटा हत्ती घेऊन कुठला ट्रान्सपोर्ट वाढतो. सहा महिन्यांनी इथेच याल.

विजेरी_विश्वास
अभिनंदन!! पण मोठी घ्यायला पाहिजे होती.

गॅसवाला_७०९
कागदावर दीडशेच्या वर रेंज आहे, भरून उन्हात किती देते ते टाका इथे. आणि आयशर कितीला देताय? मॉडेल कुठलं?

एक_ड्रायव्हर
त्या एसवर ड्रायव्हर ठेवलाय का अजून?