रीळ म्हणावे की चित्रफीत?

चौथी रांग :
जुन्या चित्रपटांच्या जतनावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. अडलेले वाक्य असे : ‘तिसरे रीळ संपत आले की वरच्या उजव्या कोपऱ्यात दोनदा गोल ठिपका चमकून जातो.’ तपासणाऱ्याने सगळीकडे ‘रीळ’ खोडून ‘चित्रफीत’ केले आहे. चित्रफीत म्हटले की मला व्हिडिओ कॅसेट दिसते. कोणाचे बरोबर? आणि त्या ठिपक्याला मराठीत काही नाव आहे का?

शुद्धमत :
तपासणाऱ्याचे बरोबर. आवाजाची ती ध्वनिफीत, चित्राची ती चित्रफीत. इतका सरळ शब्द हाताशी असताना ‘रीळ’ कशाला? तो शंभर टक्के इंग्रजी. शेवटी ‘ळ’ लावला म्हणून मराठी होत नाही.

कातर-डिंक :
‘फीत’ तरी कुठे आपली? पोर्तुगीजांकडून आली. आणि गंमत अशी की पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ रिबिनही होतो आणि सिनेमाही.

पण मुद्दा तो नाही. दोन्ही शब्द एकाच वस्तूचे नाहीत. फीत म्हणजे ती भोके पाडलेली पट्टी. रीळ म्हणजे ती गुंडाळलेली चकती, आणि शिवाय ते एक माप आहे. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, म्हणजे सुटी चित्रे, बसतात. बोलपट सेकंदाला 24 चौकटींनी धावतो, म्हणजे मिनिटाला 90 फूट. 1000 फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. आता ‘14 रिळांचा चित्रपट’ याचे ‘14 चित्रफितींचा चित्रपट’ करून बघा. वाचकाला कपाटात चौदा कॅसेटी दिसतील.

मध्यंतर :
रीळ हे माप आहे हे खरे, पण ढिले माप आहे. चित्रपटाआधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसायचे, त्यावर रिळांची संख्या आणि मीटरमध्ये लांबी, दोन्ही असायचे. विश्वास लांबीवर ठेवावा. रीळ 1000 फूट ‘मावते’, तेवढे भरतेच असे नाही. शक्य तो प्रसंग जिथे संपतो तिथेच रीळ तोडत, मध्येच गाणे तुटू नये म्हणून. त्यामुळे एखादे नऊ मिनिटांचे, एखादे साडेदहाचे, आणि शेवटचे बहुतेक वेळा अर्धेमुर्धे. मीटरला 27.4 ने भागा, मिनिटे मिळतात. 4400 मीटर म्हणजे 160 मिनिटे.

पिटातला :
मूकपटांना मात्र हा भागाकार लावू नका! फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) 3700 फूट, 4 रिळांचा. 24 च्या वेगाने 41 मिनिटे येतात आणि ठिकठिकाणी चाळीसच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. पण मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, वेग साधारण 16 च्या आगेमागे. त्या वेगाने तीच फिल्म तासाभराच्या वर जाते. फूट तेवढेच, वेळ दीडपट. जुन्या मूकपटांतली माणसे तुरुतुरु पळताना दिसतात ती याचमुळे : 16 ने टिपलेले 24 ने दाखवतात.

तेव्हा लेखात ‘रीळ’ असेल तिथे रीळच ठेवा. कंसात मिनिटे घालायचा मोह झाला तर आधी चित्रपट मुका की बोलता ते बघा.

शुद्धमत :
मोजमाप समजले. पण शब्द घडवायचा प्रयत्नच करायचा नाही का? चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, पटकथा हे शब्द सावरकरांनी दिले म्हणून आज आहेत. तेव्हाही ‘सिनेमा चालतो की’ म्हणणारे होतेच.

मध्यंतर :
‘चित्रपट’ संस्कृतात रंगवलेल्या कापडासाठी आधीपासून आहे. नव्या अर्थाने रुजवला म्हणा हवे तर, घडवला म्हणू नका. मला त्यातला ‘पट’ छळतो. पट म्हणजे कापड. मग चित्रपटातला पट कुठला? समोरचा पडदा, की आतली फिल्म? पडदा असेल तर ‘बोलपट’ अगदी अचूक निघतो, कारण मोठ्या थिएटरात मुख्य स्पीकर पडद्याच्या मागेच असतात. आवाज पुढे यावा म्हणून पडद्याला बारीक छिद्रे ठेवलेली असतात. कापडच बोलते!

पिटातला :
पट, पट्टी, पडदा सगळे एकाच कुळातले असावेत.

मध्यंतर :
पडदा फारसी आहे हो. ‘पर्दा’.

चौथी रांग :
ठिपक्याचे काही?

कातर-डिंक :
ठिपक्याचे आधी काम सांगतो, म्हणजे नाव सुचेल.

फिल्मच्या काळात प्रोजेक्टर दोन असायचे. एकावरचे रीळ संपायच्या आत दुसरा सुरू व्हावा लागायचा. पहिला ठिपका शेवटाच्या साधारण 8 सेकंद आधी येतो : दुसऱ्या यंत्राची मोटर चालू करा. पुढच्या रिळाच्या तोंडाला उलट्या आकड्यांची पट्टी जोडलेली असते ना, ती तेवढ्यात सरकून जाते आणि यंत्र वेग पकडते. दुसरा ठिपका शेवटाच्या जेमतेम एक सेकंद आधी : आता झाकण इकडचे बंद, तिकडचे उघडे, आवाजही तिकडे. प्रत्येक ठिपका फक्त 4 चौकटींवर असतो, म्हणजे सेकंदाचा सहावा हिस्सा. डोळा लवला की गेला.

घोटाळा कशाने होतो? रिळाची टोके सर्वांत जास्त हाताळली जातात. तिथेच फाटते, तिथेच कापून परत चिकटवतात. दर जोडाला एक-दोन चौकटी जातात. असे होत होत ठिपकाच कापला जातो, मग पुढचा ऑपरेटर सुईने खरवडून नवा पाडतो. म्हणून जुन्या प्रतींत कधी दोनाऐवजी चार-पाच ठिपके दिसतात, वेडेवाकडे.

जोड ओळखायची खूण वेगळी. आधी चित्र उडी मारते, पाऊण सेकंदाने आवाज. कारण आवाजाची रेघ चित्राच्या शेजारी नसते, 20 चौकटी पुढे छापलेली असते. चित्र थांबत थांबत सरकते, आवाज वाचायला फिल्म अखंड वाहावी लागते, म्हणून दोन्ही एका जागी वाचता येत नाहीत.

शुद्धमत :
मग ‘बदलखूण’ म्हणा. सुटसुटीत आहे.

पिटातला :
दोन ठिपक्यांपैकी पहिला बदलायचा नाहीच, तयारीचा आहे. ‘इशारा’ बरा. ‘पहिला इशारा, दुसरा इशारा’.

शुद्धमत :
इशारा अरबी.

पिटातला :
रीळ इंग्रजी, फीत पोर्तुगीज, पडदा फारसी, इशारा अरबी. मराठी काय उरले, अंधार?

मध्यंतर :
अंधारही संस्कृतातून आला.

लोकांनी घडवलेले शब्द बघायचे तर टीव्हीकडे या. जुन्या अँटेनाच्या संचात सिग्नल गेला की पडद्यावर ‘मुंग्या’ यायच्या. कोणत्याही समितीने दिलेला नाही, आणि याहून नेमका शब्द मला तरी दुसऱ्या भाषेत ठाऊक नाही. उलट ‘दूरचित्रवाणी’ बिचारी बातम्यांतच राहिली. ‘दूरदर्शन’ हे संस्थेचे नाव झाले आणि मग वस्तूला वापरायची सोय गेली. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले, त्यानंतर कोणी ‘दूरदर्शन बंद कर’ म्हणाले तर खोके बंद करायचे की केंद्र?

खटका :
मुंग्यांचे कारण सांगतो. सिग्नल अशक्त झाला की संच आपोआप आतली वाढ, म्हणजे सिग्नल मोठा करण्याची मात्रा, चढवत नेतो. पकडण्यासारखे काही नसले तर स्वतःच्याच भागांमधला विजेचा गोंधळ मोठा करून दाखवतो, त्या मुंग्या. थोड्या मुंग्या आणि मागे चित्र असेल तर अँटेना वळवा किंवा वायरचा सांधा बघा, पाणी शिरून तांबे हिरवे पडलेले असते. मुंग्या नाहीत पण चित्र वरखाली ‘लोळते’, तर अँटेनाला हात लावू नका. तिथे उभ्या जुळणीची खुंटी, संचाच्या मागे, अगदी थोडी फिरवायची.

‘सावली पडणे’ हा तिसरा प्रकार. एकच माणूस दोनदा, दुसरा फिकट आणि उजवीकडे सरकलेला. लाट एखाद्या इमारतीवर आपटून उशिरा पोचते. 300 मीटरचा वळसा म्हणजे एक मायक्रोसेकंद, आणि आपल्या जुन्या 625 रेषांच्या पद्धतीत एका ओळीतले चित्र 52 मायक्रोसेकंदांत रेखले जायचे. 40 सेंमी रुंद पडद्यावर सावली पाऊण सेंमी सरकते. मोजपट्टी लावून इमारत किती आडवळणाला आहे ते काढता येते.

कातर-डिंक :
त्याच पद्धतीत सेकंदाला 25 चित्रे असतात, म्हणून 24 चा सिनेमा टीव्हीवर सरळ 25 ने पळवतात. 150 मिनिटांचा 144 मध्ये आटोपतो आणि गाणी अर्ध्या सुराहून थोडी कमी चढतात. ‘टीव्हीवाल्यांनी कापला’ अशी तक्रार करण्याआधी हा हिशोब करावा. अर्थात कापतातही.

चौथी रांग :
चर्चा छान चालली आहे, पण माझे वाक्य तिथेच आहे. रीळ ठेवतो. ठिपक्याला तूर्त ठिपकाच.

शुद्धमत :
मग ‘चित्रफीत’ वापरायची तरी कुठे?

मध्यंतर :
वर्तमानपत्रात. तिथे मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओलाही चित्रफीत म्हणतात. आत फीत औषधालाही नसते.

पिटातला :
मोबाइलवरच्या रीलमध्ये रीळ तरी कुठे असते? आणि ते रीळ नपुंसकलिंगी होते, अनेकवचन रिळे. आता ‘ती रील’ ऐकू येते, अनेकवचन ‘रील्स’. ळ गेला, लिंग बदलले. हे हिंदीतून आले की आणखी कुठून?

शुद्धमत :
याला वेगळा धागा काढा.