प्रति: हिमोग्लोबिन चांगलं आहे, मग रात्री पाय का वळवळतात?
रात्री पाय वळवळतात या प्रश्नाला "हिमोग्लोबिन ११ आहे म्हणजे लोहाचा प्रश्नच नाही, केळी खा, कॅल्शियम घ्या" असं उत्तर कुणीतरी वर दिलंय, ते पटलं नाही. केळी-कॅल्शियमचा सल्ला पोटरीत गोळा येतो त्याच्यासाठी देतात. गोळा आला की पोटरी घट्ट होऊन कळ मारते. इथं तसं नसतं. आत काहीतरी सरपटल्यासारखं होतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. उठून चार पावलं टाकली की थांबतं, परत आडवं झालं की सुरू.

माझ्या जाऊबाईंना गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात हेच झालं. तायी कार्डावर (गरोदरपणातल्या तपासण्यांची नोंद असते ते) हिमोग्लोबिन ठीक, म्हणून खानापुरात कुणी पुढं बघितलं नाही. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी फेरिटिन करायला लावलं, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन बरं असतानाही हा साठा तळाला गेलेला असू शकतो. पाय वळवळण्याच्या या त्रासात तो ७५ च्या खाली असला तरी डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. जाऊबाईंचा १४ निघाला! लोहाची गोळी त्या सकाळच्या चहाबरोबर घ्यायच्या. ती चहापासून दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली (चहा सोडा म्हटलं असतं तर आमच्या घरात कुणी ऐकलं नसतं), कॅल्शियमची गोळी रात्री जेवणानंतर. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही.

आणखी एक, उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड आणि सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्यांनी हा त्रास वाढतो. चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, आपल्या मनानं बंद करू नका.