आकडा ८ लाखच, मोजणी वेगळी
आरक्षणासाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातले आर्थिक दुर्बल) दोघांनाही वर्षाला ८ लाख उत्पन्नाचीच अट, मग फरक काय, असा प्रश्न पडतो. फरक मोजणीत आहे. केंद्राच्या नियमांत ईडब्ल्यूएससाठी पगार, शेती, धंदा सगळं धरतात, तेही आदल्या एकाच आर्थिक वर्षाचं. शिवाय ५ एकर शेतजमीन किंवा १००० चौरस फुटांचा फ्लॅट असला, की उत्पन्न कितीही कमी असो, बाद. म्हणजे ५ एकर कोरडवाहूवाला बाहेर (तूर गेली तर हातात काय उरतं!) आणि महिना ६५ हजार कमावणारं, भाड्याच्या घरात राहणारं कुटुंब आत. ओबीसींच्या उत्पन्न-चाचणीत मात्र पगार आणि शेती धरतच नाहीत. या चाचणीत सलग ३ वर्षं मर्यादा ओलांडली तरच क्रीमीलेअर, म्हणजे आरक्षणातून वगळलेला सधन गट. गरिबांची एवढी काळजी असेल तर ही ८ लाखांची रेषा आधी खाली आणा.