फेरेटला चिकन खरंच सोसत नाही, की मिश्रणच चुकतंय?

हाडमांस (धागाकर्ता)
कच्चं मांस खाणाऱ्या फेरेटच्या (मुंगसासारखा दिसणारा पाळीव मांसाहारी प्राणी) शीत आव दिसली की सल्ला ठरलेला: "चिकनची ॲलर्जी आहे, ससा सुरू करा." माझं मत उलट आहे. बहुतेक वेळा दोष कोंबडीचा नसतो, तराजूचा असतो.

फेरेटला उंडुक (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नसतं, आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. त्यामुळे चूक त्याच दिवशी दिसते. एक किलो मिश्रणात साधारण ८०० ग्रॅम मांस (त्यात १००-१५० ग्रॅम हृदय, टॉरिन या अमिनो आम्लासाठी), १०० ग्रॅम हाड, ५० ग्रॅम कलेजी आणि ५० ग्रॅम गुर्दा किंवा प्लीहा. घोळ होतो तो हाडात. १०० ग्रॅम हाड म्हणजे १०० ग्रॅम विंग्ज नव्हेत. विंगमध्ये हाड निम्म्याहून थोडं कमी, म्हणजे २२० ग्रॅमच्या आसपास विंग्ज लागतात आणि उरलेले १२० ग्रॅम मांसाच्या खात्यात जातात. हाड जास्त झालं की शी पांढरी, भुरभुरीत, जनावर कुंथतं. कलेजी अंदाजाने टाकली की पातळ आणि काळपट. कातडीसकट चरबी जास्त गेली की राजगिऱ्यासारखे दाणे. एका रात्रीत खाणं बदललं की हिरवी, कारण पित्ताचा रंग बदलायला वेळच मिळत नाही. यातलं काहीही ॲलर्जी नाही. आधी दोन आठवडे काट्यावर तोलून द्या, मग कोंबडीला नावं ठेवा.

निदान_आधी
असहमत. मिश्रण तंतोतंत असूनही आठवडेच्या आठवडे आव पडणारे, वजन उतरणारे फेरेट असतात. आतड्याचा दीर्घकालीन दाह (आयबीडी) फेरेटमध्ये चांगलाच परिचयाचा आहे, आणि त्यामागे अन्नातल्या प्रथिनांवरची प्रतिक्रिया हे संशयितांपैकी एक कारण आहे. खात्री बायॉप्सीनेच होते. रक्ताच्या किंवा केसांच्या "सेन्सिटिव्हिटी टेस्ट"वर पैसे घालवू नका.

आणि तुमचे दोन आठवडे सुरू व्हायच्या आधी शी तपासायला द्या: कॉक्सिडिया, जिआर्डिया हे आतड्यातले परजीवी. घरात नुकताच नवा फेरेट आला असेल आणि दोन-तीन दिवसांत जुन्याला हिरवे, बुळबुळीत जुलाब लागले, तर तो कोरोनाव्हायरसचा आंत्रदाह असू शकतो. हा १९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडे पहिल्यांदा लक्षात आला. पिल्लं निभावून नेतात, म्हातारे कोसळतात. शी डांबरी काळी असेल, फेरेट दात कराकरा वाजवत असेल, तोंडावर पंजे मारत असेल, तर जठराच्या व्रणाचा (अल्सर) संशय घ्या. त्याच दिवशी डॉक्टर. तिथे तराजू काय करणार?

हाडमांस
काळ्या शीबद्दल वाद नाही. कलेजीची काळपट शी आणि डांबरी शी यांत गोंधळ वाटला तर टिश्यूवर पुसून बघा, लालसर डाग पडला तर थांबू नका. पण रोजचा धागा आव पडण्याचा असतो, व्रणाचा नाही.

सशाची_सासू
दोघंही मुद्द्याच्या आजूबाजूला फिरताय. चिकन सोसतं की नाही हे कळायचा मार्ग एकच: बंद करून बघणं, आणि *परत देऊन बघणं*. दुसरा भाग कोणी करतच नाही. ससा दिला, शी सुधारली, "ॲलर्जी सिद्ध झाली" म्हणून मोकळे! सुधारली ती कदाचित सशात चरबी कमी असते म्हणून.

नीट करायचं तर ससा म्हणजे सगळं सशाचंच: मांस, हाड, हृदय, कलेजी. लोक ससा देतात आणि कलेजी कोंबडीची घालतात. अंडं बंद. बक्षिसाचे तुकडे बंद. केसांच्या गोळ्यावरची पेस्ट आणि चवीची औषधं लेबल वाचून. टर्की आणि लावरी हे "नवं मांस" धरू नका, कोंबडीच्या फार जवळचे पक्षी. पोटाच्या तक्रारीला ३-४ आठवडे, खाजेला ८. मात्र शेपटीकडून केस जाऊन खाज असेल तर अन्न सोडा, आधी ॲड्रिनल ग्रंथीचा आजार तपासा.

खरी अडचण पुढे आहे. फेरेटला खाण्याचा वास लहानपणीच्या काही महिन्यांत बसतो, नंतर नवं मांस तो हुंगून सोडून देतो. "भूक लागली की खाईल" हे त्याला लागू नाही. तीन वर्षांवरच्या फेरेटला इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली जादा इन्सुलिन सोडणारी गाठ) असण्याची शक्यता बरीच, उपाशी ठेवला तर साखर उतरून झटके येतील. ५ ग्रॅम ससा जुन्यात कालवून सुरू करा, हळूहळू वाढवा, आणि चिकन *शून्य* झालं त्या दिवसापासून आठवडे मोजा.

उकडून_द्या
कच्चंच का, हे कोणी विचारणार आहे का? साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंनीही आव पडते, आणि फ्रीझर जिवाणूंना मारत नाही, जपून ठेवतो. शिवाय फेरेटला आपला फ्लू होतो. माणसाचा इन्फ्लुएन्झा विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये फेरेटवरच सापडला. २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत एच५एन१ (बर्ड फ्लू) असलेलं कच्चं पॅकबंद खाणं खाऊन मांजर मेलं, तिथे फेरेटला कच्ची कोंबडी घालणं हा जुगार आहे. चाचणीपुरता तरी बिनहाडाचा ससा ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा, सुटलेलं पाणी त्यातच ठेवा (टॉरिन त्यात उतरतं), आणि किलोला ५-६ ग्रॅम अंड्याच्या कवचाची पूड घाला.

सशाची_सासू
कोंबडी बंद करायच्या चाचणीत कोंबडीच्या अंड्याचं कवच? आतल्या पापुद्र्यासकट? कॅल्शियम कार्बोनेटची साधी पूड घ्या. तेवढंच वजन.

उकडून_द्या
मान्य, कार्बोनेट. शिजवण्याचा मुद्दा तसाच राहतो. टॉरिन आणि बी१ जीवनसत्त्व वरून द्यावं लागेल.

हाडमांस
पक्ष्यांचं मांस कच्चं देण्याबद्दल सध्या मीही सावध राहीन. पण कच्चं बदलून शिजवलेलं आणि चिकन बदलून ससा, हे एकाच वेळी केलंत तर शी कशाने सुधारली हे कसं ओळखणार? आधी तेच चिकन शिजवून द्या. हाडं काढून, शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं.

निदान_आधी
हा क्रम मला पटतो, फक्त वजन उतरत नसेल तरच. दर दोन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर, ग्रॅममध्ये, खाण्याआधी त्याच वेळी. किलोभराच्या फेरेटचे ५० ग्रॅम गेले की प्रयोग बंद, डॉक्टर.

सशाची_सासू
आणि महिना बघा. फेरेट हिवाळ्यापूर्वी भरतो आणि वसंतात उतरतो, नरामध्ये हा फरक एक-तृतीयांशापर्यंत जातो. मार्चमध्ये ससा सुरू करून "सशाने वजन घटलं" असा धागा एप्रिलमध्ये काढू नका. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा शेजारी लिहून ठेवा.