हिरडीवर चामखिळीसारखं काहीतरी, पहिला रिपोर्ट पॅपिलोमा आणि दुसरा व्हेरुसिफॉर्म झॅन्थोमा, नक्की काय समजायचं?

कराडची_सून
सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत, खालच्या हिरडीवर आतल्या बाजूला खरखरीत पिवळसर-लालसर उंचवटा होता, मुगाच्या दाण्याएवढा असेल, दुखत वगैरे काही नव्हता. पूर्वी मशेरी लावायच्या म्हणून डेंटिस्टनी बघताक्षणीच व्हेरुकस कार्सिनोमाची (चामखिळीसारखा दिसणारा कॅन्सर) शंका काढली, घरात दोन दिवस चूल पेटली नाही म्हणा ना. वरवरचा तुकडा काढून तपासला तर पॅपिलोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) असं आलं, पण खाली लिहिलेलं की टिश्यू अपुरा आहे. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सगळाच भाग मुळासकट काढून पाठवला तेव्हा व्हेरुसिफॉर्म झॅन्थोमा आलं. हे नाव गावात कुणाला माहीत नाही. झॅन्थोमा म्हणजे कोलेस्टेरॉलचं ना? मग रक्त तपासायचं का? आणि कुठला रिपोर्ट खरा धरायचा?

तोंडाचा_पॅथॉलॉजिस्ट
ताई, दुसरा धरा, हा झॅन्थोमा कॅन्सर नव्हे. पहिला चुकीचा म्हणवत नाही, त्यांच्या हातात जेवढं आलं तेवढ्यावर त्यांनी लिहिलं आणि टिश्यू अपुरा आहे हेही प्रामाणिकपणे लिहिलं. गंमत अशी की पॅपिलोमा, साधी चामखीळ, कॉन्डिलोमा (लैंगिक संबंधातून होणारी चामखीळ), व्हेरुकस कार्सिनोमा आणि हा झॅन्थोमा, वरून सगळ्यांचा अवतार जवळपास एकच, सगळे खरखरीत आणि फुलकोबीसारखे. फरक असतो तो खाली. वरच्या आवरणाचे (एपिथेलियमचे) जे पट्टे खाली उतरतात त्यांच्या मधल्या जागेत, पॅपिलांमध्ये, फेसाळ दिसणाऱ्या पेशी भरलेल्या असतात. त्या खरं तर चरबी गिळलेल्या मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी. स्लाइड बनवताना चरबी विरघळून जाते म्हणून पेशी रिकामी, फेसाळ दिसते. हे पट्टे बहुतेक एकाच खोलीपर्यंत उतरतात आणि या पेशी सहसा त्या खोलीच्या खाली जात नाहीत. सगळ्यात वरच्या कडक थराला, केराटिनला, नारिंगी-गुलाबी छटा असते आणि त्यात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) घुसलेले असतात, हे दिसलं की आम्ही लगेच पॅपिलांमध्ये शोधायला लागतो. शंका असली तर मॅक्रोफेज ओळखणारा सीडी६८ स्टेन (रंग) लावतो. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही दुसरी गाठ वगळायची असेल तर एस१०० हा स्टेनही लावतो, झॅन्थोमात तो सहसा निगेटिव्ह येतो. व्हेरुकस कार्सिनोमात मात्र पूर्ण एपिथेलियम जाड होऊन खालच्या टिश्यूला ढकलत जातं, आणि ती खालची सीमा वरवरच्या तुकड्यात येतच नाही. त्यामुळे तोंडातल्या खरखरीत गाठीचा तुकडा खोल हवा, सीमेसकट.

नावाचं म्हणाल तर १९७१ मध्ये शेफर यांनी तोंडातलं वर्णन केलं. कोलेस्टेरॉलशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. वरच्या पेशी झिजून-मरून जी चरबी सुटते ती मॅक्रोफेज खातात, असं मानलं जातं. या वयात लिपिड प्रोफाइल करायला हरकत नाही, पण या गाठीसाठी म्हणून करू नका. चामखिळीचा विषाणू, एचपीव्ही, तोही बहुतेकदा सापडत नाही, म्हणजे चमचा-ताट वेगळं ठेवायची गरज नाही.

अनामिक_पुणे
आयडी बदलून लिहितोय, कारण माझा तोंडात नव्हता, वृषणाच्या पिशवीवर होता. तिथे होतो हे आधी ऐकलंही नव्हतं. ज्यांना दाखवलं त्यांनी नुसतं बघून कॉन्डिलोमा ठरवून टाकलं आणि घरी जो काही प्रश्नांचा भडिमार झाला त्याचं वर्णन इथे नको. मलम लावून काही फरक नाही, शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी मुळासकट काढला तेव्हा हेच नाव आलं. तपासणीशिवाय कुणी लैंगिक आजाराचं लेबल लावलं तर बायॉप्सी मागा राव, लाजू नका.

गावठी_वैद्य_नाही_पण
आमच्याकडे चामखिळीला चुना आणि सोडा लावतात, आठवड्यात गळून पडते. एवढ्याशा गोष्टीला ऑपरेशन?

तोंडाचा_पॅथॉलॉजिस्ट
दादा, तोंडात चुना नको, भाजून जखम होते, आणि मशेरी-तंबाखूच्या तोंडात ती जखम नंतर कॅन्सर आहे की भाजलेलं हे ठरवणं आम्हालाच अवघड जातं. शिवाय गळून पडलेली चामखीळ तपासायची कशी?

कराडची_सून
खूप आभार, जीव भांड्यात पडला. परत येतो का हा? आणि मशेरी आता बंद आहे, तरी पुढे काय बघत राहायचं? धाकटे दीर म्हणतायत मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला स्लाइड दाखवून घ्या.

तोंडाचा_पॅथॉलॉजिस्ट
मुळासकट काढला असेल तर परत येणं फारच विरळ. पण रिपोर्टमध्ये कडा मोकळ्या आहेत, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गाठ पोचलेली नाही, असं लिहिलंय का ते आधी बघा. उरलेल्या तोंडाची तपासणी मात्र सोडू नका, गालाची आतली बाजू, जिभेची कड, पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम. ते मशेरीसाठी, या गाठीसाठी नव्हे.

दुसरं मत घ्यायचं तर परळला टाटाला बाहेरच्या स्लाइड तपासून देतात, दीर बरोबर सांगतायत. नुसता कागद नेऊन उपयोग नाही. लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागून घ्या, दोन्ही वेळचे, आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी काउंटरवरच जुळवा.